प्रार्थनेच्या वेळी बाप कुठं असतो?

भाकरी थापता थापता किंवा गोठ्यातलं उरकता उरकता ज्या ऐकत असतील त्यांनी काम थांबवू नका. हात चालू द्या, कान इकडं असू द्या.

जून महिन्याचा तिसरा रविवार जवळ आलाय. त्या दिवशी आमच्याकडं बऱ्याच चर्चमध्ये पितृदिन पाळतात. संडे स्कूलची मुलं गाणं बसवतात. उपासना संपता संपता बापांना पुढं बोलावतात आणि मुलं त्यांच्या हातात फूल देतात. आम्ही नगर जिल्ह्यातल्या गावांतून गटांचं काम करतो, त्यामुळं वेगवेगळ्या गावांतली उपासना बघायला मिळते. दिसतं ते असं. आत बाया दाटीनं बसलेल्या. पुढं सतरंजीवर पोरं. पुरुषांच्या बाजूला चार-पाच म्हातारे आणि पेटी वाजवणारा. बाकीचे बाहेर लिंबाखाली, मोटारसायकलीला टेकून. पोरगं फूल धरून उभं राहतं आणि त्याच्या बापाला हाक मारायला कुणीतरी बाहेर जातं.

आजचं बोलणं त्या लिंबाखालच्या बापांबद्दल आहे. ते वाईट आहेत असं सांगायला आम्ही आलेलो नाही. त्यातले पुष्कळजण पोरांवर जीव टाकणारे आहेत. रात्री दोन वाजता ताप आलेलं लेकरू खांद्यावर टाकून तालुक्याच्या दवाखान्यात नेणारे आहेत. वह्या आणतात, फी भरतात, स्वतःला चप्पल न घेता पोराला बूट घेतात. पण देवाचं काही आलं की एकच उत्तर, "ते तुझ्या आईला विचार."

आता गटातल्या हिंदू, बौद्ध, मुसलमान बहिणी म्हणतील, हा विषय यांच्या घरातला, आम्ही कशाला ऐकू? पण ऐका. तुमच्याकडं उपास कोण धरतं, पोरांना विहारात कोण नेतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. मागं एका बैठकीत बचत गोळा करून झाल्यावर हा विषय निघाला, तर सगळ्यात जास्त बोलल्या त्या ख्रिस्ती नसलेल्याच दोघी. म्हणून आम्ही आमच्या घरातलं सांगतो, तुम्ही तुमच्या घराशी ताडून बघा.

आमच्या भागात ख्रिस्ती मंडळी जुनी. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ साली सुरू झालं. आमच्या आजी-आज्यांकडून आम्ही ऐकलंय, संध्याकाळी कंदील लावला की घरची प्रार्थना व्हायची आणि ती घरातला कर्ता पुरुष चालवायचा. वाचता येत असेल तर वाचायचा, नसेल तर पाठ असलेलं गाणं म्हणायचा. पोरं पेंगायची, तरी बसायची. ही पद्धत कुणी ठरवून मोडली नाही. बाप कामासाठी घराबाहेर गेला तशी ती मोडत गेली. कुणाला कारखान्यात, एमआयडीसीत रात्रपाळी. कुणाची पोरं शिक्षणासाठी बोर्डिंगात, मग देवाचं शिकवणं बोर्डिंगवाल्यांकडं. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचं तर विचारूच नका. दिवाळीच्या आगंमागं टोळ्या निघतात त्या पाडव्यापर्यंत, कधी त्याच्याही पुढं. म्हणजे नाताळही फडावरच. आणि जे बाप घरी आहेत त्यांच्या हातात आता मोबाइल आहे. ते खोलीत असतात, पण घरात नसतात.

या सगळ्यात आईनं काम उचलून धरलं. तिनंच पोराला प्रभूची प्रार्थना पाठ करून घेतली, तिनंच रविवारी डोक्याला तेल लावून संडे स्कूलला पाठवलं. आमच्या बायांचं हे मोठं काम आहे आणि ते कुणी मोजत नाही. पण त्यातून पोराच्या मनात एक गोष्ट नकळत बसते, मुलग्यांच्या तर जास्तच. देव, प्रार्थना, देऊळ हे बायाबापड्यांचं आणि लहान पोरांचं काम, मोठा झालो की आपणही लिंबाखाली. आणि तसंच होतं बघा. आठवी-नववीपर्यंत पहिल्या ओळीत बसणारा पोरगा दहावीला शेवटच्या ओळीत जातो आणि मिसरूड फुटली की बाहेर. त्याला कुणी बाहेर जा म्हटलेलं नसतं. तो बापाच्या शेजारी जाऊन उभा राहिलेला असतो.

शास्त्रात काय सांगितलंय ते बघू. अनुवादाच्या सहाव्या अध्यायात देवाच्या आज्ञा मुलांना कधी शिकवायच्या ते सांगितलंय. त्यात चार वेळा दिल्यात. घरात असताना, वाटेनं जाताना, निजायच्या वेळी आणि उठल्यावर. त्यात मंदिराचं नाव नाही, शाळेचं नाही, पाळकाचंही नाही. चारही वेळा अशा आहेत की ज्या गरिबातल्या गरीब बापाजवळ असतात. पुस्तक नसलं तरी वाट असते. निजणं-उठणं असतं.

वाटेवरून आठवलं. श्रीरामपूर तालुक्यात हरेगावला सप्टेंबर महिन्यात मतमाउलीची यात्रा भरते. लांबलांबून लोक येतात, कित्येक पायी येतात, आणि यात नुसते ख्रिस्तीच नसतात. एरवी मिस्साला दाराबाहेर उभा राहणारा बाप त्या वाटेवर पोराला खांद्यावर घेऊन चालताना दिसतो. दमलं की उतरवतो, पाणी पाजतो, पोरगं विचारतं आणि तो सांगतो, आपण कशाला चाललोय, तुझी आजी कशी जायची, कुणासाठी काय मागितलं होतं. धर्मशिक्षणाच्या वर्गात महिनाभर बसून होत नाही तेवढं त्या वाटेवर होतं. येशूच्या लहानपणीचंही लूकनं हेच लिहिलंय. त्याचे आईबाप दरवर्षी वल्हांडणाच्या सणाला यरुशलेमला जायचे आणि तो बारा वर्षांचा असतानाही ते त्याला घेऊन गेले होते.

त्या घरातला बाप म्हणजे योसेफ. सुतारकाम करणारा माणूस. आम्हाला योसेफाबद्दल एक गोष्ट फार आवडते. चारही शुभवर्तमानं उघडून बघा, योसेफाच्या तोंडचा एक शब्द त्यात नाही. एकही नाही. तो उठतो, बायकोला घरी आणतो, लेकराच्या जिवावर बेतलं तेव्हा रातोरात त्यांना घेऊन मिसर देशात जातो, दिवस बदलल्यावर परत आणतो. सगळी कामंच आहेत. म्हणून जे बाप म्हणतात, "आम्हाला बोलता येत नाही, आम्हाला प्रार्थना जमत नाही," त्यांना घरी गेल्यावर सांगा, योसेफालाही भाषण आलं असं कुठं लिहिलेलं नाही.

आता जरा नाजूक गोष्ट. आम्ही ख्रिस्ती लोक देवाला बाप म्हणतो. प्रभूनं शिकवलेल्या प्रार्थनेत पहिली हाकच ती आहे. मराठीतल्या आमच्या प्रार्थना तर "हे बापा, हे बापा" अशाच चालतात. मोठ्या माणसाला त्यात काही वाटत नाही, सवय झालेली असते. पण चार वर्षांच्या लेकराला बाप हा शब्द प्रार्थनेत पहिल्यांदा ऐकू येतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढं कोण उभं राहतं? जो घरात आहे तोच. तो आला की घर गप्प होत असेल, भांडी आवाज न करता ठेवावी लागत असतील, तर देवही तसाच. तो विचारपूस न करणारा असेल तर देवही तसाच. येशूनं एकदा लोकांना विचारलं होतं, तुमच्यातला कोणता बाप पोरानं मासा मागितल्यावर त्याला साप देईल? ऐकणारे हसले असतील, असं कोण करतं म्हणून. आमच्या गटांतल्या काही घरांत तो प्रश्न विचारला तर पोरं हसणार नाहीत.

पौलाची पत्रं वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. त्या काळच्या रोमी राज्यात बापाचा अधिकार फार मोठा असायचा. जन्मलेलं मूल घरात ठेवायचं की टाकून द्यायचं हेसुद्धा तो ठरवायचा. अशा जगात पौल इफिसकरांना आणि कलस्सैकरांना लिहितो तेव्हा मुलांना आईबापांचं ऐकायला सांगतो आणि लगेच पुढं बापांकडं वळतो. मुलांना चिडवू नका, डिवचू नका, त्यांचं मन खचेल असं वागू नका, असा त्याचा अर्थ आहे. आमच्याकडं पहिला भाग मोठ्यानं वाचतात आणि दुसरा भाग आला की खोकला येतो. पोराला चारचौघांत "गाढवा, तुझ्यानं काय होणार" म्हणणारा बाप शास्त्र मोडतोय, हे त्याला कुणी सांगतच नाही. "थांब, देव बघतोय तुझ्याकडं" असं दरडावणाराही देवाचं नाव छडीसारखं वापरतोय.

एका ताईंनी बैठकीत सांगितलं ते सांगतो. त्यांची परवानगी आहे, नाव सांगायचं नाही एवढंच ठरलंय. त्यांचा मुलगा सहावीला. सकाळी बापाबरोबर डेअरीवर दूध घालायला जायचा. कॅनमध्ये तांब्याभर पाणी घालायची मालकांची सवय. संडे स्कूलमध्ये बाईंनी खरेपणाचा धडा घेतला आणि विचारलं, खोटं कुठंच चालत नाही ना? हा उठून म्हणाला, "डेअरीत चालतं. पप्पा म्हणतात सगळेच घालतात." वर्ग हसला. बाईंनी घरी येऊन आईच्या कानावर घातलं, आईनं भीत भीत मालकांना सांगितलं. तिला वाटलं आता पोराला मार बसणार. मालक त्या रात्री काही बोलले नाहीत. सकाळी कॅन भरला, पाणी घातलं नाही, आणि गाडीवर बसताना पोराला म्हणाले, "मी करत होतो ते चूक होतं. सगळे घालतात म्हणून ते बरोबर होत नाही."

त्या ताईंना आम्ही विचारलं, मग फॅट वाढली असेल, भाव चांगला मिळाला असेल? त्या म्हणाल्या, भाव थोडा बरा लागला, पण लिटर कमी भरले. हिशेब केला तर महिन्याला तोटाच. हे आम्हाला बरं वाटलं, म्हणजे तोटा झाला ते नाही, त्यांनी खरं सांगितलं ते. देवाच्या गोष्टी सांगताना लोक शेवटी फायदा झालाच असं सांगतात. इथं तोटा झाला आणि तरी तो माणूस पाणी घालत नाही, आणि ते पोरगं रोज सकाळी शेजारी बसून बघतं. त्या घरात बाप मोठ्यानं प्रार्थना अजूनही करत नाही. पण आता पोरगं करतं तेव्हा टोपी काढून बसतो.

बापानं लेकराजवळ "माझं चुकलं" म्हणणं आमच्याकडं फार अवघड. मान कमी होतो असं वाटतं. पण क्षमा हा आमच्या धर्माचा गाभा आहे ना? प्रभूच्या प्रार्थनेत रोज क्षमा मागतो आणि देतो म्हणतो. ती मागायची कशी हे पोरानं कुणाकडं बघून शिकायचं? आईला तर ते रोजच पडतं घेताना बघतं, त्यामुळं ते त्याला बाईचं काम वाटतं. बाप एकदा बोलला की ती क्षमा घरातल्या सगळ्यांची होते.

मुलींबद्दल वेगळं बोललं पाहिजे. मार्काच्या पाचव्या अध्यायात याईर नावाच्या बापाची गोष्ट आहे. सभास्थानाचा अधिकारी, गावातला मानाचा माणूस. त्याची मुलगी मरायला टेकलेली. हा माणूस गर्दीत सगळ्यांदेखत येशूच्या पाया पडतो आणि काकुळतीनं विनवतो, माझ्या लेकीला वाचवा. वाटेत लोक येऊन सांगतात, गेली ती, आता गुरुजींना कशाला त्रास देता. तरी तो मागं फिरत नाही. त्या मुलीचं वय मार्कानं मुद्दाम लिहिलंय, बारा वर्षं. येशूनं तिला हात धरून उठवलं आणि घरच्यांना काय सांगितलं माहीत आहे? तिला खायला द्या.

बारा वर्षांच्या लेकीसाठी आपला मान धुळीत टाकणारा बाप एकीकडं, आणि आमच्याकडं पंधराव्या वर्षी, "जबाबदारी मोकळी करतो" म्हणून लग्न जमवणारा बाप दुसरीकडं. दोघंही देवाचं नाव घेतात. ऊसतोडीच्या घरांत तर हिशेब असा असतो की जोडीला कोयता म्हणतात, लग्न झालं की एक कोयता तयार होतो आणि उचल मिळते. पोरीला गावात एकटी ठेवून जायची भीती असते, तीही खोटी नाही. पण कायद्यानं मुलीला अठरा आणि मुलाला एकवीस पूर्ण झाल्याशिवाय लग्न करता येत नाही, हे चर्चच्या दारात उभं राहूनसुद्धा तेवढंच खरं आहे. बापाचं धर्मशिक्षण मुलीला किती वचनं पाठ आहेत यावर मोजू नका. तिच्या ताटात काय पडतं आणि तिची दहावी होते का, यावर मोजा. पोरीला खायला द्या हे आमच्या प्रभूचे शब्द आहेत, आणि आमच्या घरात अजून पोरी शेवटी जेवतात.

आता दारूचं. हा विषय टाळून बापावर बोलताच येत नाही. एका गावात आम्हाला असं घर माहीत आहे, बाप पिऊन आला की रात्री अकराला पोरांना उठवतो आणि भक्तिगीतं म्हणायला लावतो. चुकलं की मारतो. सकाळी शुद्धीवर असतो तेव्हा त्याला आठवतही नाही. त्या घरातली थोरली मुलगी आता गाणं सुरू झालं की चर्चमधून उठून बाहेर जाते. लोक म्हणतात पोरगी बिघडली. ती बिघडलेली नाही. ती गाणी तिच्यासाठी माराची झालीत.

अशा घरातल्या बहिणीला आम्ही "बापाला प्रार्थनेला बसवा" असं मुळीच सांगणार नाही. तिथं पहिलं काम लेकरांना सुरक्षित ठेवणं. शेजारी, माहेरी, आपल्या गटातल्या बाईकडं न्या. मुलांसाठी १०९८ आणि बाईसाठी १८१ हे फोन आहेत, एकदम अडचण आली तर ११२. घरातल्या हिंसेविरुद्ध २००५ चा कायदा आहे. आणि कुणी बायबल उघडून बाईला सांगत असेल की नवऱ्याच्या अधीन राहा, सोस, तर त्याला तोच अध्याय पुढं वाचायला लावा. त्यात नवऱ्यानं बायकोवर आपल्या स्वतःच्या शरीरासारखी प्रीती करावी असं सांगितलंय. स्वतःच्या शरीराला कुणी काठीनं मारत नाही. शिलोहचा एली याजक होता, देवाच्या घरातच राहायचा, आणि त्याचे पोरगे नको ते करत होते. बापानं तोंडानं सांगितलं, पण आवर घातला नाही, म्हणून देवानं एलीलाच जबाबदार धरलं. पद आणि पेहराव बघून शास्त्रात कुठल्या बापाला सूट मिळालेली नाही.

हे झालं कठीण घरांचं. पण बहुतेक घरं अशी नसतात. तिथला बाप नुसता संकोचलेला असतो. आणि आता आम्ही आम्हा बायांबद्दलही थोडं बोलणार, रागावू नका.

बापानं कधी चुकून प्रार्थनेला तोंड उघडलं की आम्ही काय करतो? हसतो. "आज सूर्य कुठं उगवला?" म्हणतो. त्याचं वचन चुकलं तर पोरांसमोर दुरुस्त करतो. पोरांपुढं म्हणतो, "बापाच्या वळणावर जाऊ नको." बाप रागावेल म्हणून काही गोष्टी पोरांकडून लपवायला लावतो. मग बापाला वाटतं, या खोलीत आपलं काही काम नाही. बाहेर लिंबाखाली त्याला कुणी चिडवत तरी नाही.

लक्ष्मीबाई टिळकांचं "स्मृतिचित्रे" आमच्या बऱ्याच बहिणींनी शाळेत थोडंफार वाचलं असेल. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, पुढं त्यांनी आमची कितीतरी भजनं लिहिली, १९१९ साली ते वारले. त्यांचा मुलगा देवदत्त. त्याला वडिलांचं चरित्र लिहायचं होतं, म्हणून त्यानं आईला म्हटलं, तुझ्या आठवणी लिहून दे. त्या आठवणींचंच "स्मृतिचित्रे" झालं, १९३४ ते १९३६ या काळात ते भागाभागानं छापलं गेलं. त्यात टिळकांचा तापट स्वभाव आहे, घरातले पैसे दुसऱ्याला देऊन मोकळं होणं आहे, बायकोला न सांगता काहीतरी करून बसणं आहे. लक्ष्मीबाई काही झाकत नाहीत. पण मुलाच्या नजरेत बाप लहान व्हावा असा एक शब्द त्यात नाही. आम्हाला वाटतं, हे फार अवघड काम आहे. नवऱ्याचं खोटं कौतुकही करायचं नाही आणि पोरांपुढं त्याची मातीही करायची नाही. आपल्या पोरांना त्यांचा बाप पुष्कळदा आपल्याच तोंडून कळतो.

काही घरांत काय जमलं ते सांगतो. ज्या बापाला वाचता येत नाही त्यानं वाचायचंच नाही. पोरानं वाचायचं आणि बापानं ऐकायचं. एका ताईंचे मालक फडावर असतात आणि पोरं आजीजवळ. रात्री साडेआठला ते पाटाच्या भरावावर चढून फोन लावतात, खाली रेंज नसते. पोरगी चार ओळी वाचते, बाप म्हणतो, "पुन्हा वाच, वाऱ्यानं ऐकू आलं नाही." ती पुन्हा वाचते. मग तो तिघा पोरांची नावं घेऊन आमेन म्हणतो. एवढंच, पाच मिनिटं. आजी म्हणते, ज्या दिवशी फोन लागत नाही त्या दिवशी धाकटा झोपत नाही.

नावं घेण्याला फार किंमत आहे. ईयोबाची गोष्ट आपण त्याच्या दुःखासाठी सांगतो, पण सुरुवातीलाच लिहिलंय की त्याची पोरं मोठी झाली होती, आपापल्या घरी मेजवान्या करायची, आणि हा बाप पहाटे उठून त्यांच्यातल्या एकेकासाठी अर्पण करायचा. म्हणजे पोरं हाताबाहेर गेली, पुण्या-मुंबईला गेली, फोन उचलत नाहीत, तरी बापाचं हे काम राहतं. "आता ती माझं ऐकतात का?" असं म्हणणाऱ्या म्हाताऱ्या बापांना हे सांगा. ती ऐकोत न ऐकोत, त्यांची नावं तर घेता येतात.

ज्या बापाला मुळात विश्वासच डळमळीत वाटतो, त्याच्यासाठी मार्काच्या नवव्या अध्यायातला बाप आहे. पोराला झटके यायचे, कधी विस्तवात पडायचं, कधी पाण्यात. त्या बापानं येशूजवळ सरळ सांगून टाकलं की माझा विश्वास आहे, पण अपुरा आहे, त्यालाही मदत कर. येशूनं त्याला परत पाठवलं नाही. त्याचं पोरगं बरं केलं.

आता ज्या बहिणींच्या घरात बापच नाही त्यांच्याशी बोलतो. कुणाचा वारला, कुणी सोडून गेला, कुणाचा असून नसल्यासारखा. इतका वेळ हे ऐकताना तुम्हाला टोचलं असेल. तीमथ्याची गोष्ट काढून वाचा. पौलाचा हा लाडका सोबती, पुढं मंडळ्या सांभाळणारा. त्याचा बाप ग्रीक होता एवढंच लिहिलंय, नावही नाही. आईचं नाव मात्र आहे, युनीके. आजीचंही आहे, लोईस. पौल लिहितो की जो विश्वास आधी त्या दोघींत होता तोच तीमथ्यात आहे. आणि पौल स्वतः त्याला लेकरू म्हणतो. म्हणजे ज्या पोराला घरात बापाचा हात मिळाला नाही त्याला आई आणि आजी पुरल्या, आणि बाहेरून एका माणसानं बापाची माया लावली. आपल्याकडं मामा आहेत, आजोबा आहेत, बाप्तिस्म्याच्या वेळी उभे राहिलेले धर्मपिते आहेत. धर्मपित्याला नाताळला करंजी देऊन भागत नाही, त्याला सांगा की पोराची शाळा बघ, रविवारी त्याला शेजारी बसव. फक्त माणूस पारखून घ्या आणि पोरगं एकटं कुणाबरोबर कुठं जातं यावर नजर ठेवा, मग तो माणूस कितीही धार्मिक असो.

ज्यांच्या घरात नवरा एका धर्माचा आणि बायको दुसऱ्या, अशा बहिणीही आमच्या गटांत आहेत. त्यांच्या पोरांना दोन्हीकडचं बघायला मिळतं. तिथं बापाचं निदान एवढं काम की आईच्या प्रार्थनेची पोरांपुढं टिंगल करू नये, आणि आईनंही त्याच्या श्रद्धेची. तीमथ्याच्या घरातही असंच मिश्र होतं.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. आमच्या चार गावांतल्या बहिणींनी पाळकसाहेबांकडं जाऊन यंदाच्या पितृदिनाला थोडा बदल सुचवलाय. फूल द्यायचं ते द्या, पण त्याच्याआधी प्रत्येक बापानं आपल्या पोराच्या डोक्यावर हात ठेवून, त्याचं नाव घेऊन, जमेल त्या शब्दांत एक वाक्य बोलायचं. माइक नाही, पुढं यायचं नाही, आपापल्या जागेवर. ज्यांचे बाप नाहीत त्या पोरांजवळ म्हाताऱ्यांनी जायचं, हे आधीच वाटून दिलंय. बापांना शनिवारीच सांगून ठेवायचं आहे, म्हणजे ऐनवेळी कुणी लिंबाखाली सटकणार नाही. एका गावात पाळकांनी होकार दिलाय, दोन गावांत विचार करतो म्हणालेत. चौथ्या गावात मंडळीच्या कमिटीतले एक काका म्हणाले, हे बायांनी का ठरवायचं? त्यांना आमच्या अध्यक्षताईंनी सांगितलं, "काका, तुम्ही ठरवा, आम्ही ऐकतो. पण ठरवायला आत या."